चालू प्रोजेक्टमध्ये टीडीडी हळूहळू कसं आणावं

टीडीडी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) म्हणजे आधी टेस्ट लिहायची, मग कोड. ‘सोमवारपासून सगळ्यांनी टीडीडी’ असा मेल आला की पुढचं ठरलेलं असतं. दोन स्प्रिंट (कामाचे ठरलेले छोटे टप्पे) उत्साह, मग डेडलाईन, मग लाल पडलेल्या, म्हणजे नापास, टेस्ट गुपचूप बंद. ‘आधी कव्हरेज ८० टक्के करा’, म्हणजे ८० टक्के कोड टेस्टखाली आणा, हा तर त्याहून वाईट सल्ला. लोक गेटर-सेटरच्या (नुसती किंमत वाचणाऱ्या-ठेवणाऱ्या फंक्शनच्या) टेस्ट लिहून आकडा गाठतात.

टेस्ट फ्रेमवर्क बसवा आणि प्रत्येक पुशला, म्हणजे कोड वर चढवला की, सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) टेस्ट चालू द्या.

पहिली टेस्ट पुढच्या बगची लिहा. कोडला हात लावण्याआधी टेस्ट लिहायची आणि ती लाल झालेली बघायची. लाल न पाहिलेल्या टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही.

खरी गोची जुन्या कोडमध्ये आहे. समजा बिलिंगचं तिकीट (तक्रारीची नोंद) आलंय: १ एप्रिल २०२६ ला पहाटे दोनला काढलेल्या बिलाला मागच्या आर्थिक वर्षाच्या मालिकेतला नंबर मिळाला. कारण साधं आहे. सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, तिथे अजून ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठच वाजलेत. पण ते फंक्शन उघडलं तर एकाच ठिकाणी घड्याळ बघणं, डेटाबेसमधून शेवटचा नंबर काढणं, पीडीएफ बनवणं आणि ग्राहकाला मेल करणं. याला टेस्ट लावायची कुठून?

इथे दोन चुका हमखास होतात. कोणी सगळंच मॉक करतं, म्हणजे खऱ्या भागांच्या जागी खोटे ठेवतं. मग टेस्ट एवढंच सांगते की कोड जसा लिहिलाय तसा लिहिलाय. कोणी सगळं फंक्शन नव्याने लिहायला घेतं, आणि काय मोडलं ते थेट क्लायंट कळवतो.

फक्त निर्णय बाहेर काढा. वेळ द्यायची, आर्थिक वर्ष मिळवायचं, एवढंच करणारं छोटं फंक्शन. ते आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) ‘एक्स्ट्रॅक्ट मेथड’ने काढा, हाताने कॉपी-पेस्ट नको. घड्याळ आत बघू नका, वेळ बाहेरून पाठवा. मग आज ते जे उत्तर देतं तेच टेस्टमध्ये नोंदवा, चुकीचं असलं तरी. हात कितीही शिवशिवले तरी या टप्प्यावर दुरुस्ती करायची नाही. इथपर्यंतचा कमिट (बदलांची नोंद) वेगळा.

आता नोंदवलेल्या टेस्टमधली अपेक्षा बदला: यूटीसी ३१ मार्च, २०:३०, उत्तर हवं ‘२०२६-२७’. लाल झाली? मग आर्थिक वर्ष काढण्याआधी वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणा. हा दुसरा कमिट. दोन्ही एकात कोंबलेत तर रिव्ह्यू करणारा काहीच तपासू शकत नाही.

अशी पाच-सहा तिकिटं झाली की नवीन कोड टेस्टपासून सुरू करा. लाल, हिरवं, मग साफसफाई. साफसफाई टाळू नका.

एस्टिमेटमध्ये ‘टेस्ट लिहिणे’ अशी वेगळी ओळ कधीच देऊ नका. घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री तिलाच लागते. आणि वर्षभर कोणी न उघडलेल्या फाईलला टेस्ट लावत बसू नका. तिचं तिकीट आलं की बघू.