कॅम्परव्हॅनमध्ये स्वयंपाकाचा गॅस बसवताना: पेटी, पाइप आणि गळतीची परीक्षा

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन साधारण दीडपट, ब्युटेन दुप्पट. घरात गॅस गळला तर दारं-खिडक्या उघडून वेळ निभावता येते. व्हॅन म्हणजे चारी बाजूंनी बंद पत्रा. गळलेला गॅस फरशीवर साचत जातो, पलंगाखालच्या कप्प्यात शिरतो, आणि हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पडायचाच अवकाश. म्हणून खालच्या सगळ्या कामात एकच गोष्ट सांभाळायची आहे: सिलिंडरपाशी गॅस गळलाच, तर तो खाली आणि बाहेर जावा, राहण्याच्या जागेत कधीच येऊ नये.

कामाला हात लावण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. एमएच-१३ ची गाडी असेल तर सोलापूरच्या आरटीओत आधी विचारून घ्या, आणि विम्याच्या कंपनीलाही कळवा. फॅब्रिकेशन झाल्यावर विचारलं तर तोडफोड तुमच्याच खर्चाने होते.

सिलिंडर कोणता

युरोपात व्हॅनला कायमची टाकी बसवतात आणि वाहनांच्या एलपीजी पंपावर बाहेरूनच भरून घेतात. त्या टाकीत ८० टक्के भरल्यावर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरला तो नसतो. त्यामुळे ऑटो एलपीजीच्या पंपावर सिलिंडर भरणं किंवा मोठ्यातून छोट्यात गॅस उतरवणं बेकायदा तर आहेच, शिवाय थेट जिवाशी खेळ आहे. द्रव एलपीजी उन्हाने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. काठोकाठ भरलेल्या सिलिंडरमध्ये फुगायला जागा उरत नाही, आणि सोलापूरचा एप्रिल-मे तर ४२-४३ अंशांचा.

आपल्याकडे रिकामा देऊन भरलेला घेणं हाच रीफिलचा मार्ग. व्हॅनसाठी ५ किलोचा फ्री ट्रेड, म्हणजे घरच्या जोडणीशिवाय सुटा मिळणारा सिलिंडर सर्वांत सोयीचा: इंडेनचा छोटू, एचपीचा अप्पू किंवा भारतगॅसचा मिनी. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावच्या वितरकाकडे बदलून मिळतो, काही पेट्रोल पंपांवरही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर मात्र घराच्या जोडणीचा आहे. तो गाडीत घालू नका. भरलेला जवळपास ३० किलोचा होतो, आणि वाटेत संपला तर परगावी बदलून मिळत नाही.

घेताना दोन गोष्टी तपासा. वरच्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी-मार्च, बी एप्रिल-जून, सी जुलै-सप्टेंबर, डी ऑक्टोबर-डिसेंबर. ही पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा. दुसरं वजन: रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. काट्यावर येईल त्यातून ते वजा केलं की आत किती गॅस आहे ते कळतं. प्रवासात गॅस किती उरला हे ओळखायचाही हाच खात्रीचा उपाय, म्हणून हुकाचा छोटा काटा गाडीत ठेवा.

घरगुती शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण १०० ते २०० ग्रॅम गॅस घेतो. दोघांचा चहा, वरण-भात, भाजी आणि भाकरी यांत दिवसाला २०० ते २५० ग्रॅम जातो. म्हणजे एक सिलिंडर २० ते २५ दिवस. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा सोबत असेल तर त्याहून बराच जास्त.

पेटी

सिलिंडर ज्यात बसतो त्या पत्र्याच्या पेटीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जागा अशी निवडा की पेटीचं दार गाडीच्या बाहेर उघडेल आणि आतल्या खोलीशी तिचा काही संबंध राहणार नाही. सायलेन्सर ज्या अंगाला आहे त्याच्या उलट अंगाला असेल तर उत्तम. माप सिलिंडर समोर ठेवूनच घ्या: बाजूंनी ३ सेंटीमीटर मोकळे, आणि वर रेग्युलेटर बसवून त्याचा खटका हाताने फिरवता येईल एवढी उंची.

१६ गेजचा पत्रा पुरतो. सगळे सांधे अखंड वेल्डिंगचे हवेत. टाके मारून मधल्या फटीत सिलिकॉन भरलेली पेटी खडखडाटाने वर्षभरात उघडी पडते. दाराला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर हे काम करेल, पण तळाच्या भोकांचं माप त्याच्या अंदाजावर सोडू नका. तळाला एकूण उघडी जागा पेटीच्या तळाच्या २ टक्के हवी, आणि कमीत कमी १०० चौरस सेंटीमीटर. ८० मिलिमीटर व्यासाची दोन भोकं म्हणजे बरोबर तेवढी. ४ इंची एकच भोक सुमारे ८० चौरस सेंटीमीटरचं होतं, ते अपुरं. उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावणार असाल तर तिसरं भोक पाडा, कारण तारा जागा खातात.

भोक पाडण्याआधी गाडीखाली शिरून बघा. वर जागा मोकळी दिसते, पण खाली ब्रेकची नळी, वायरिंग, डिझेलची टाकी किंवा चासीचा आडवा पट्टा असू शकतो. भोकाखाली पट्टा आला तर गॅस बाहेर जायच्या ऐवजी त्यावर अडतो. स्टेपनीही भोकाला झाकत नाही ना, ते पाहा. पेटीत दिवा, स्विच, बॅटरी, इन्व्हर्टर यांतलं काहीही नको.

सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये जातो आणि शेगडीवर भडका उठतो. तळाशी अंगठीसारखी पत्र्याची बैठक, आणि वर दोन पट्टे: एक खालच्या तिसऱ्या हिश्शात, दुसरा वरच्या. पट्ट्यांचे हुक ८ मिलिमीटरच्या बोल्टने बसवा आणि फरशीच्या खालून ३ मिलिमीटर जाडीची पट्टी द्या. नुसत्या वॉशरवर बोल्ट पातळ पत्रा फाडून वर येतो.

पाइप

२ ते २.५ मीटर अंतरासाठी सामान असं लागतं: ३ मीटर तीन सुती (३/८ इंची) मऊ तांब्याचा पाइप, फ्लेअरचे (पाइपचं तोंड भोंग्यासारखं फाकवून केलेल्या सांध्याचे) पितळी नट ६, पेटीच्या भिंतीतून जाणारा एक पितळी युनियन, गॅससाठीचा एक बॉल व्हॉल्व्ह, रबराचं अस्तर असलेल्या क्लिपा ६, पत्र्याच्या भोकांसाठी रबरी ग्रोमेट, आयएसआय खुणेची सुरक्षा नळी आणि तिचे क्लॅम्प. तांब्याचा पाइप आणि फ्लेअर करायचं हत्यार एसी-फ्रिजच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ज्याने कधी फ्लेअर केला नाही त्याने तेवढं काम एसीच्या मेकॅनिककडून करून घ्यावं.

रेग्युलेटर सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसणारा, त्याच कंपनीकडून घेतलेला, घरगुती कमी दाबाचाच घ्या. भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि नळीवर नको तेवढा ताण येतो. रेग्युलेटर ते युनियन एवढ्यापुरती सुरक्षा नळी पेटीच्या आतच राहते. रबरी नळी भिंतीतून आरपार नेऊ नका. पत्र्याची कड ती हळूहळू कापते, आणि कापलेला भाग दिसतही नाही.

युनियनपासून तांब्याचा पाइप. करवतीने कापू नका, पाइप कटर वापरा आणि आतली धार काढून टाका. फ्लेअर करण्याआधी नट पाइपवर सरकवा. हे विसरलं की फ्लेअर कापून पुन्हा करावा लागतो. झालेला फ्लेअर उजेडात फिरवून बघा. कडेला केसाएवढी चीर दिसली तरी तो बाद. नट आवळताना दोन पाने लावा, नाहीतर पाइप पिळला जातो. फ्लेअरच्या तोंडावर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे धातू धातूवर बसून सांधा बंद होतो, टेप मध्ये आली की तो नीट बसत नाही.

दर अर्ध्या मीटरला क्लिप लावा, प्रत्येक भोकात ग्रोमेट घाला. विजेच्या वायरपासून अंतर ठेवा. सांधे फर्निचरमागे लपवू नका. शेगडीच्या अलीकडे, हात पटकन पोहोचेल तिथे बॉल व्हॉल्व्ह. पुढे शेगडीपर्यंत सुरक्षा नळीचा तुकडा, जेमतेम लागेल तेवढाच.

शेगडी आणि हवा

ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडीच घ्या. व्हॅनमध्ये एका बाजूच्या दारातून आलेला वारा ज्योत सहज विझवतो. भाकरी भाजायची तर एक बर्नर मोठा हवा आणि तव्याला बाजूने जागा हवी. १० इंची तवा दोन बर्नरच्या आखूड शेगडीवर ठेवला की कडा भिंतीला लागते. शेगडी स्क्रूने पक्की करा आणि मागे स्टीलचा पत्रा लावा.

६ ते ८ चौरस मीटरच्या खोलीला वर छताजवळ किमान १०० चौरस सेंटीमीटर आणि खाली फरशीजवळ १५ चौरस सेंटीमीटर हवेसाठी कायम उघडी जागा हवी. खालचं छिद्र शेगडीखालच्या फरशीतच घ्या. थंडीत लोक ही छिद्रं कापडाने बुजवतात. बंद खोलीत शेगडी जळत राहिली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. एलपीजीचा डिटेक्टर फरशीपासून २०-३० सेंटीमीटरवर लावा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला. एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. दाराजवळ २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा.

गळतीची परीक्षा

पहिली परीक्षा हवेने, सिलिंडर न जोडता. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप ४ मीटर घ्या, फळीवर यू आकारात बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक टी-जोडाने गॅसच्या पाइपला लावा, दुसरं उघडं ठेवा; टी-जोडाच्या उरलेल्या तोंडाला पंपाची नळी. शेगडीचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात दीड मीटरचा फरक आला की पंपाची नळी चिमट्याने दाबून टाका. ५ मिनिटं थांबा, खूण करा. पुढच्या ५ मिनिटांत पाणी हललं नाही तर पाइप पास. हे काम सावलीतच करा. पाइपवर ऊन आलं की आतली हवा तापून पाणी वर सरकतं, आणि खरी गळती त्यात लपून जाते.

मग सिलिंडर जोडा, बॉल व्हॉल्व्ह उघडा, बर्नर बंद ठेवा. दहा भाग पाण्यात एक भाग शाम्पू घालून ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा: रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, युनियन, व्हॉल्व्हची दांडी, शेगडीचं तोंड. पहिल्या काही सेकंदांत फेस दिसला नाही म्हणून पुढे जाऊ नका. बारीक गळतीचा बुडबुडा मिनिटभराने फुगतो. सांधा आवळूनही फेस येत राहिला तर अजून आवळू नका. खोलून फ्लेअर नवा करा. काडी पेटवून गळती शोधायची नाही, कधीच नाही. शेवटी वितरकाच्या मेकॅनिककडून सगळी जोडणी एकदा तपासून घ्या.

वापरताना

गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद. लांबचा पल्ला असेल तर काढून सिलिंडरला टोपी लावा. पेट्रोल पंपावर शेगडी आणि रेग्युलेटर दोन्ही बंद हवेत. पार्किंगमध्ये पेटीची बाजू सावलीला ठेवा आणि दाराला पांढरा रंग द्या. गॅसचा वास आला तर बाहेर पडा, गॅस बंद करा, स्विचला हात लावू नका आणि १९०६ वर फोन करा.

दर महिन्याला तळाची भोकं बघा. पावसाळ्यात चिखल बसतो, आणि कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला अशी जागा फार आवडते. दोन घरटी म्हणजे एक भोक बंद. ज्योत पिवळी पडायला लागली तर बहुतेक वेळा बर्नरच्या हवेच्या छिद्रात धूळ असते. बारीक ब्रशने साफ करा, नोझलमध्ये तार घालून भोक मोठं करू नका. सुरक्षा नळीवर छापलेल्या तारखेपासून ५ वर्षांनी ती बदलायची. गाडी उन्हात उभी राहत असेल तर त्याआधीच नळी वाकवून बघत जा. बारीक भेगा दिसल्या की मुदतीची वाट न बघता नवी घाला.