जुन्या गाडीत ई-२० पेट्रोल: या चुका टाळा

दसऱ्याच्या तोंडावर ताडपत्री काढली, सेल मारला, गाडी चालू झाली. पण ॲक्सिलरेटर दाबला की आचके देते आणि तापली की मिसिंग करते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ॲम्बॅसॅडर, पद्मिनी आणि जुन्या जीपवाल्यांना ही तक्रार आता ओळखीची आहे. मग 'रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या' असं ठरतं, इंजिन उघडलं जातं आणि बराच खर्च होऊनही आचके तसेच राहतात. इंजिनाला हात लावण्याआधी पेट्रोलच्या वाटेवरचं सगळं तपासायला हवं.

पंपावरचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बदललं. २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आलं. गळिताच्या हंगामात चिकोडी-संकेश्वरकडे ज्या मळीचा वास येतो, तिच्यापासूनही हे इथेनॉल बनतं. जुन्या गाडीला ते तीन तऱ्हांनी त्रास देतं: हवा-पेट्रोलचं मिक्स्चर लीन करतं (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), रबर आणि जुने सांधे खराब करतं, पाणी ओढून घेतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

राज्याची हद्द ओलांडली की पेट्रोल बदलतं, असं समजणं

चंदगडला किंवा गोव्यात टाकी भरली म्हणून इथेनॉल टळत नाही. ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल घेऊनही खात्री मिळत नाही, कारण ऑक्टेनच्या आकड्यावरून इथेनॉल किती आहे ते कळत नाही. शिवाय या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी असल्याने जास्त ऑक्टेनचा त्यांना काही उपयोग नाही.

शंका असेल तर स्वतः तपासा. १०० मिलीच्या काचेच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी घ्या, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरा, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २७-२८ मिलीच्या आसपास गेला, तर ते ई-२० आहे. हे उघड्यावर, आगीपासून लांब करा आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

मिळेल तो पाईप लावणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच, कारण हिच्यामुळे गाडी पेट घेऊ शकते. पारदर्शक प्लॅस्टिकचा पाईप स्वस्त आणि दिसायला छान असतो. पण काही महिन्यांत तो पिवळा पडून कडक होतो, सांध्यावर सैल बसतो आणि पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ ठिबकतं. जुना साधा रबरी पाईप उलट फुगतो आणि आतून सुटतो. त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकतात. पाईपवर 'एसएई जे३० आर९' छापलेलं बघून घ्या. दुकानदार नुसतं 'इथेनॉलवाला आहे' म्हणाला, तर दहा सेंटिमीटरचा तुकडा पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर झाकून ठेवा आणि आधी-नंतरची जाडी व्हर्नियरने मोजा. फुगला किंवा नखाने दबून राहिला, तर तो पाईप लावू नका.

पाईपबरोबर इंजिनावरच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) हाही बदला. तो फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. डायफ्राम बदला, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, मगच सेल मारा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. कॉर्कच्या गॅस्केटला शेलॅक लावून बसवायची गॅरेजमधली जुनी पद्धत आहे. फर्निचरचं पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, आणि ते स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉलच. टाकीतल्या पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोट युनिटखाली असं गॅस्केट असेल, तर आज ना उद्या ते गळणार. त्या जागी पेट्रोल-इथेनॉलला टिकणारं गॅस्केट घाला.

ई-२० मुळे टाकीतला जुना गंज आणि डिंकासारखा थर सुटतो. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर कागदी फिल्टर बदला आणि एक जादा गाडीत ठेवा.

जेट न बदलता चोक ओढून चालवणं

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिक्स्चर सात-आठ टक्के लीन होतं. लोक अर्धा चोक ओढून गाडी हाकतात. मग मिक्स्चर गरजेपेक्षा खूपच रिच होतं (पेट्रोल जास्त होतं), सिलिंडरच्या बोअरवरचं ऑइल धुतलं जातं आणि रिंगा खरोखरच जातात.

सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ च्या जागी १२० घातला, तर व्यास चार टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतं. म्हणून एकच पायरी वर जा. तारेने भोक मोठं करू नका; ते गोल राहत नाही आणि मागे फिरायची वाट उरत नाही. एसयू कार्बोरेटर असेल, तर जेटचा षटकोनी नट एका वेळी एकच बाजू फिरवून जेट खाली आणा. इंजिन गरम असताना कार्बोरेटरचा पिस्टन साधारण पाऊण मिलिमीटर उचलून ऐका: वेग किंचित वाढून पूर्ववत झाला तर ठीक, वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन पडायला लागलं तर लीन.

आपल्या भागात एक भानगड जादा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने इथे मिक्स्चर तीन-चार टक्के रिच होतं आणि लीनपणा थोडा झाकला जातो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की तो उघडा पडतो. गोव्याला नेहमी जाणं असेल, तर शेवटची खात्री खाली उतरूनच करा. चढावर जोर लावून गाडी बाजूला थांबवा, इंजिन लगेच बंद करा, जरा निवू द्या आणि प्लग काढून बघा. बिस्किटी रंग ठीक. पांढरा फटक म्हणजे लीन.

घाटात गाडी बंद पडली की कॉइल बदलणं

एप्रिल-मे महिन्यात तवंदी किंवा वंटमुरीच्या घाटात गाडी बंद पडते आणि वीस मिनिटं निवली की मुकाट्याने चालू होते. स्पार्कला वीज देणारी कॉइलही तापून असंच करते, म्हणून आधी स्पार्क बघा. तो ठीक असेल, तर पाईपमध्ये पेट्रोलची वाफ झाली आहे. पाईप एक्झॉस्टपासून निदान पाच सेंटिमीटर दूर न्या, वर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा आणि कार्बोरेटरखालचा बेकेलाइटचा जाड स्पेसर शाबूत आहे का ते बघा. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा तर दोन ते तीन पीएसआयचाच घ्या. जादा दाबाला फ्लोटची सुई दाद देत नाही आणि कार्बोरेटर ओसंडतो. रस्त्यात अडलात, तर इंजिनावरच्या मेकॅनिकल पंपावर ओलं फडकं ठेवा. हा जुना उपाय खरंच लागू पडतो.

पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी झाकणं

नुसत्या दमट हवेपेक्षा टाकीच्या झाकणाचं कडक झालेलं रबर जास्त घात करतं. दहा लिटर पेट्रोलमध्ये एक-दोन कप पाणी गेलं, तरी इथेनॉल पाण्यासकट तळाला बसू शकतं, आणि पंप ओढतो तोच थर. असं पेट्रोल हलवून किंवा औषध टाकून सुधारत नाही. टाकी रिकामीच करावी लागते. जूनच्या आधी झाकणाचं रबर बदला आणि टाकी जवळपास भरून ठेवा, किंवा पूर्ण रिकामी करा. पंपाकडे येणारा पाईप काढून त्याला बूच लावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर कोरडा होतो.

वॉल्व्ह बसले की इथेनॉलला दोष देणं

हा त्रास पेट्रोलमधलं शिसं गेल्याचा आहे. देशभरात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. ॲम्बॅसॅडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाच्या बिडाच्या हेडमध्ये सीट (वॉल्व्ह टेकतात त्या कडा) थेट कापलेल्या असतात. शिशाचं संरक्षण गेल्यावर एक्झॉस्ट सीट झिजतात. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, सीट वेगळ्या बसवलेल्या, त्यामुळे तिला ही भीती कमी. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालून सीट वाचत नाहीत, प्लग मात्र काळे होतात. ॲम्बॅसॅडरचा टॅपेट गॅप (वॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) ०.०१५ इंच ठेवा आणि दर ३,००० किलोमीटरला फिलर गेजने तपासून वहीत लिहा. एकाच एक्झॉस्ट वॉल्व्हचा गॅप दर वेळी कमी होत असेल, तर हेड उतरवून बेळगावच्या उद्यमबागेतल्या चांगल्या मशीन शॉपमध्ये कडक इन्सर्ट बसवून घ्या.