साठीनंतर स्नायूंची ताकद कशी टिकवावी
मराठवाड्यात साठी ओलांडलेली बहुतेक माणसे पहाटे फिरून येण्यालाच व्यायाम मानतात. चालणे हृदयासाठी उत्तमच. परंतु वयानुसार घटणारे स्नायू केवळ चालण्याने टिकत नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये, आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबरच, किमान दोन दिवस ताकदीचे आणि ६५ वर्षांनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत.

सुरुवात खुर्चीपासून करावी. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसून, हातांची छातीशी घडी घालून सावकाश उभे राहावे आणि त्याहूनही सावकाश बसावे, कारण खाली येताना भार पेलण्यातच मांड्यांचा खरा कस लागतो. आठ-दहा वेळा करून थोडे थांबावे व पुन्हा तेवढेच करावे. गुडघे कुरकुरत असतील तर हातांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. पुढचा दिवस त्या स्नायूंना विश्रांती द्यावी. हलका ठणका स्वाभाविक असतो, मात्र छातीत दडपण किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा व्यायाम सूर्योदयापूर्वीच उरकावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आहाराकडे मात्र फारच दुर्लक्ष होते. स्नायूंना लागणाऱ्या प्रथिनांसाठी भाकरीसोबत पातळ आमटी पुरेशी नाही. दोन्ही जेवणांत घट्ट वरण, मटकीची उसळ, दही किंवा अंडे असावे.