तेफेच्या पाण्यावर नऊ महिने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी सांगलीची, गावभागातली. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, 'आयर्विनला किती फूट' विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथे पाणी चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्यामुळे ॲमेझॉनच्या खोऱ्यात फील्डवर्कला जाताना पाण्याबद्दल कुणी मला काही शिकवायची गरज नाही, असा माझा पक्का समज होता. तो साधारण दोन महिने टिकला.

ब्राझीलच्या आमाझोनास राज्यात सोलिमोइंस (ॲमेझॉनचंच तिथलं नाव) नदीकाठी, खरं तर तिला येऊन मिळणाऱ्या एका रुंद तळ्याच्या काठी, तेफे नावाचं गाव आहे. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, म्हणजे तसं शहरच. पण मनौसहून, म्हणजे राज्याच्या राजधानीहून, तिथे रस्ता जात नाही. तासाभराचं विमान, नाहीतर बोट. एकोणिसाव्या शतकात या गावाचं नाव एगा होतं आणि हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक इथे काही वर्षं राहून फुलपाखरं गोळा करत होता. आज अभ्यासाला येणारे बहुतेकजण येतात ते मामिराउआसाठी. सोलिमोइंस आणि जापुरा या दोन नद्यांच्या बेचक्यातलं, अकरा हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं, दरवर्षी बुडणारं हे जंगल. झोझे मार्सियो आयरेस या ब्राझिलियन शास्त्रज्ञानं इथल्या लाल तोंडाच्या, पांढुरक्या केसांच्या उआकारी माकडांचा अभ्यास केला आणि पुढे हे जंगल राखायचा ध्यास घेतला. १९९० मध्ये त्याला संरक्षण मिळालं, १९९६ मध्ये ते 'शाश्वत विकास राखीव क्षेत्र' झालं, देशातलं पहिलं. म्हणजे माणसांना बाहेर न काढता राखलेलं जंगल. १९९९ मध्ये तेफेत मामिराउआ संस्था उभी राहिली.

आता मुद्द्याचं. कधी जायचं?

मी २०१९ च्या जानेवारीअखेर पोचले, कारण माझ्या विद्यापीठाचं सत्र तसं होतं. यापेक्षा वाईट कारण सापडणार नाही. इथलं पाणी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून चढायला लागतं, मे-जूनमध्ये माथ्याला पोचतं, मग उतरतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ गाठतं. या दोन टोकांमधला फरक दहा ते बारा मीटर. फुटांत मोजा. ज्या आकड्याला सांगली रात्रभर जागी राहते, जवळपास तेवढं पाणी इथे दरसाल ठरल्यासारखं चढतं, आणि लोक त्याला पूर म्हणत नाहीत. त्याला ते 'शेइया' म्हणतात, भरती. उतरलेल्या पाण्याला 'सेका', कोरड. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळा असतो तसं.

माझा विषय होता, कोणत्या झाडाची फळं कधी गळतात आणि मासे ती खाऊन बिया कुठवर नेतात. हो, मासे. तांबाकी नावाचा मोठा मासा बुडालेल्या जंगलात शिरून फळं खातो. आराखड्यात मी लिहिलं होतं: रोज पायी ठरलेल्या वाटेवरून फिरणे, छातीच्या उंचीवर झाडांना ॲल्युमिनियमचे बिल्ले ठोकणे, पंधरा दिवसांनी नोंद. तो आराखडा तपासणाऱ्या कुणीही, मीसुद्धा, 'पायी' या शब्दावर बोट ठेवलं नाही.

इथलं जंगल वरून सपाट दिसतं, पण दोन-तीन मीटरच्या चढ-उतारावर सगळं अवलंबून असतं. सगळ्यात खोलगट चिखलट भाग म्हणजे शावास्काल, तो वर्षातला मोठा काळ पाण्याखाली. त्यावर बुटकी हेस्टिंगा, मग उंच हेस्टिंगा. उंच हेस्टिंगा दोन-चार महिने बुडते, बुटकी चार ते सहा. माझे निम्मे बिल्ले बुटक्या हेस्टिंगेत. एप्रिलमध्ये आम्ही होडीतून तिथे गेलो तेव्हा माझे सगळे आकडे गढूळ पाण्याखाली होते.

सोबतीला होते गावातले एक साठीचे मातेइरो, म्हणजे जंगल जाणणारे वाटाडे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायची, तोंडावर 'सेऊ' लावून नाव. थोरल्या पुरुषाला तसंच हाकारतात, बाईला 'दोना'. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, वर शेंड्यांकडे पाहिलं आणि एकेक झाड ओळखत सुटले. हे ज्याच्यावर वेल होती ते. हे ज्याच्या बुंध्याशी तू पडलीस ते. पाण्यात हात घालून चाचपलं तर बिल्ला हाताला लागायचा. चाळीसपैकी अडतीस झाडं त्यांनी बरोबर सांगितली. उरलेली दोन आम्हाला पाणी उतरल्यावर सापडली. त्यातल्या एकाबाबतीत चूक माझी होती, वहीत नंबर उलटा लिहिला होता.

म्हणून सांगते, आराखडा लिहायला बसण्याआधी तुमच्या जागेचं बुडण्याचं गणित विचारून घ्या. तिथे गेल्यावर झाडांच्या खोडांकडे बघा, गेल्या वर्षीच्या पाण्याची गडद रेघ स्पष्ट दिसते. बिल्ला त्या रेघेच्या वर ठोका, शिडी लागली तरी चालेल. आणि दोन पद्धती लिहा, एक पायाची, एक होडीची. शक्य असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात पोचा, म्हणजे जमीन आधी दिसते आणि पाणी नंतर. उलट क्रमानं शिकणं फार महाग पडतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. परदेशी माणसाला ब्राझीलमध्ये स्थानिक संस्थेच्या साथीशिवाय संशोधन करता येत नाही, आणि पान-बी-माती काहीही उचलायचं तर वेगळी परवानगी. नमुने देशाबाहेर न्यायचा विचार पहिल्या खेपेला करूच नका. तयारीला सहा-आठ महिने धरा. सीपीएफ हा कर-क्रमांक लवकर काढा, त्याच्यावाचून साधं सिमकार्डही अडतं. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला चिकटवल्यासारखं जपायचं. ते नसेल तर परतताना मुंबईच्या विमानतळावर तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीसाठी जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी लागते, ती घरूनच करून जा.

मनौस ते तेफे एकदा तरी संथ बोटीनं जा. प्रवाहाविरुद्ध दोनेक दिवस लागतात. प्रत्येकानं आपापली झोळी आणून डेकवर टांगायची, शेजाऱ्याचा कोपर आपल्या बरगडीत. झोळीला शब्द आहे 'रेदे', पण उच्चार 'हेजी'. सुरुवातीचा र तिथे ह होतो. लांब दांड्याचं छोटं इंजिन लावलेली होडी, जिच्यात तुमचे पुढचे महिने जाणार, ती लिहायची 'राबेता' आणि म्हणायची 'हाबेता'. मी पहिला आठवडा बंदरावर राबेता-राबेता करत फिरले. लोक सभ्य आहेत, हसले नाहीत फार.

पोर्तुगीज शिकून जा, याला पर्याय नाही. गावांमध्ये इंग्रजी शून्य. पण मराठी माणसाला थोडी उसनवारी आधीच मिळालेली आहे. साबण, चावी, बालदी, बटाटा, पाव, फीत, पगार, लिलाव, हे सगळे शब्द त्यांच्याकडूनच आले. चावी तिथे 'शावी' होते, साबण 'सबाऊं', पण समजतं. अननसानं मात्र घात केला. पोर्तुगालमध्ये चालेल, ब्राझीलमध्ये तो 'अबाकाशी'. काजू तर मूळचा तिकडचाच, नावासकट. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि आपण त्याची फेणी केली. तिकडे लोक बोंडाचा रस पितात.

आणि साबुदाणा! आपण उपासाला खातो तो साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदाचा होतो, तो कंद दक्षिण अमेरिकेतला. तेफेच्या जेवणाचा पायाच तो. कडू जातीच्या कंदात विष असतं, म्हणून किसून, तिपिती नावाच्या विणलेल्या लांबट नळीत पिळून, मोठ्या कढईत भाजून त्याची फारिन्या करतात. शेजारच्या उआरिनीची फारिन्या गोल दाण्याची, पिवळी, थेट जाडा साबुदाणा. मी पहिल्या दिवशी ती भिजत घातली. घरच्या बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुरमुरे शिजवायला घेतलेत. ती तशीच, कोरडी, माशाच्या रश्श्यावर भुरभुरून खातात. शाकाहारी असाल तर स्पष्ट सांगते: भात, घेवडा, केळी, फारिन्या, यावर दिवस काढावे लागतील, आणि पाहुण्याला मासा नाकारताना रोज वाईट वाटेल. मी मार्चमध्ये हरले. लोणच्याची बरणी न्या, ती मैत्री करून देते.

राहायला बहुधा तरंगतं घर मिळतं. मोठमोठ्या आसाकू ओंडक्यांवर बांधलेलं, पाण्याबरोबर वर-खाली होणारं. गावातली घरं मात्र खांबांवर. पाणी फळ्यांना लागलं की लोक घराच्या आत आणखी एक जमीन ठोकतात, छत डोक्याला लागेस्तोवर. कोंबड्यांना आणि कोथिंबिरीच्या वाफ्यांनाही मारोंबा नावाचा उंच माचा मिळतो. त्या मे महिन्यात मी अशाच एका घरात फळ्या उचलायला होते. ऑगस्टमध्ये इथलं पाणी भराभर उतरत असताना तेफेत जाऊन फोन लावला तेव्हा कळलं, आयर्विनला ५७ फूट गेलंय आणि आई-बाबा विश्रामबागला मामाकडे आहेत. आमचं घर खांबांवर नव्हतं. दोन दिवस मी काही काम केलं नाही.

धोक्यांबद्दल घरचे विचारतात ते चुकीचेच विचारतात. पिरान्या सहसा कुणाला काही करत नाही, आपणच ती तळून खातो. जग्वार पाणी चढलं की तीन-चार महिने झाडांवर राहतो. तो दिसला तर तुमचं नशीब थोर. खरं भय तीन. उथळ पाण्यात वाळूत बसलेला, शेपटीला विषारी काटा असलेला स्टिंग-रे मासा, म्हणून पाय न उचलता घासत चालायचं. काठाला झोपणारी काळी मगर, म्हणून संध्याकाळी तरंगत्या घराच्या कडेला बसून पाय सोडायचे नाहीत. आणि रात्रीची मुख्य नदी. वाहून येणारे ओंडके दिसत नाहीत, शिवाय सोलिमोइंसवर लुटारू आणि अमली पदार्थांची वाहतूक आहे. अंधार पडल्यावर निघायचं नाही, कुणी कितीही घाई करू दे. डासांना तिथे 'कारापाना' म्हणतात. गढूळ पाण्याच्या जंगलात ते अमाप, तेफेच्या काळ्या पाण्याच्या तळ्यावर त्या मानानं कमी.

पैशाचा सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे पेट्रोल. राहणं-खाणं स्वस्त पडेल, पण प्रत्येक फेरी लिटरांत मोजली जाते. अंदाजपत्रकात जो आकडा येईल त्याच्या दीडपट धरा. सोबत येणाऱ्या गावकऱ्यांची रोजी आधी बोलून, दिवसाच्या दिवस द्या.

सप्टेंबरात संधी मिळाली तर पिरारुकूची मोजणी बघायला जा. हा मासा तीन मीटरपर्यंत वाढतो आणि हवा घ्यायला पाण्यावर यावंच लागतं त्याला. मच्छीमार तळ्याचे भाग वाटून घेतात, वीस मिनिटं होडीत गप्प बसतात आणि वर येणारे मासे मोजतात. आवाजावरून, पाण्याच्या वळशावरून, लहान की मोठा हेही सांगतात. १९९६ पासून या राज्यात पिरारुकूच्या मासेमारीला बंदी होती. १९९९ मध्ये मामिराउआत गावांनी मोजून, ठरवून पकडायला सुरुवात केली. मोजलेल्या मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त तीस टक्के. मी मोजायला बसले. माझे अकरा आले, शेजारच्या होडीतल्या मुलीचे सतरा. ती पंधरा वर्षांची असेल.

तेफेचं तळं आता मला आठवतं तसं राहिलेलं नाही. २०२३ च्या दुष्काळात त्याचं पाणी ३९ अंशांवर तापलं आणि दोनशेहून जास्त नदी-डॉल्फिन मेले. २०२४ मध्येही कोरड भयंकर होती. त्यामुळे मी वर दिलेले महिने दगडावरची रेघ समजू नका, निघण्याआधी तिथल्या माणसांना त्या वर्षीचं पाणी विचारा.

निघण्यापूर्वी गावात बसून आपलं काम सांगायची पद्धत आहे, ती टाळू नका. ऑक्टोबरात शाळेच्या खोलीत मी कापडावर मोठा आलेख काढून टांगला. कोणत्या महिन्यात किती फळं. जूनमध्ये रेघ एकदम खाली गेली होती आणि त्याचं मी छान शास्त्रीय स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं, पाण्याच्या माथ्याला झाडं फळं धरून ठेवतात वगैरे. जूनमध्येच मला मलेरिया झाला होता, गावच्या आरोग्यसेवकानं बोट टोचून रक्त पाहिलं, फुकट गोळ्या दिल्या, आणि बारा दिवस मी झोळीतच होते. माझी फारिन्या भिजत घालणं जिनं पाहिलं होतं ती दोना मागच्या बाकावर बसली होती. माझं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"जूनमध्ये फळं कमी नव्हती," ती म्हणाली. "तू कमी होतीस."