चकली खवट निघाली, आता उत्तर काय लिहायचं?

आमच्या वहिनी डोंबिवलीत फराळ करून विकतात. तळणं-मळणं त्यांचं, इन्स्टाग्राम, गूगलवरचे रिव्ह्यू आणि व्हॉट्सॲप माझ्याकडे. ऐन दिवाळीच्या तोंडावर गूगलवर एक तारा पडला: "चकली खवट. पैसे पाण्यात." सोबत उघड्या पाकिटाचा फोटो.

वहिनी म्हणाल्या, "काढून टाक गं ते." पण गूगलवरचा रिव्ह्यू आपल्याला पुसता येत नाही. शिवीगाळ असेल, भलत्याच दुकानाबद्दल असेल तर तक्रार करता येते. ठेवायचं की काढायचं ते गूगल ठरवतं. इन्स्टाग्रामवरची कमेंट मात्र आपल्याला काढता येते, आणि तिथेच माणूस फसतो. कमेंट गेली की तिचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर येतो, "बघा, पुसली" या शेऱ्यासकट. म्हणून शिव्या आणि कुणाचा फोन नंबर-पत्ता एवढंच मी पुसते.

लगेच उत्तर लिहायला बसू नका. त्याच घाण्यातली चकली आधी स्वतः खा. मी खाल्ली. तोंडात बरी लागली, मग घशाशी जुन्या तेलाचा वास आला. बाईंचं खरं होतं.

माझा पहिला मसुदा असा: "झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. गुणवत्तेला आमचं नेहमीच प्राधान्य असतं." लोकल उशिरा आली की फलाटावर हेच ऐकतो आपण, आणि कुणाचाही राग त्याने उतरलेला मी पाहिलेला नाही. खोडलं. शेवटी गेलं ते हे:

"ताई, त्याच घाण्यातली चकली मी आत्ता खाऊन पाहिली. तुमचं बरोबर आहे, तेल जुनं झालं होतं. त्या दिवसाचा राहिलेला माल विकणं थांबवलंय. नवी चकली पाठवू की पैसे परत करू? संध्याकाळी फोन करते."

यात "पण" हा शब्द कुठेच नाही, मुद्दाम. तारे वाढवायची विनवणीही नाही. ऑर्डरचा तपशील, पत्ता, पैशांचा हिशोब फोनवरच बोलायचा. हे उत्तर ताईंपेक्षा, ऑर्डर द्यावी की नाही या विचारात असलेली माणसंच जास्त वाचतात.

माझा भाचा म्हणाला, "मावशी, दहा मित्रांना पाच-पाच तारे द्यायला सांगतो." नको रे बाबा. एकाच दुपारी दहा वेळा "सुपर टेस्टी" आलं की कुणालाही कळतं. खोट्या रिव्ह्यूंचा उपद्रव इतका आहे, की भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी वेगळं मानकच काढलं.

वहिनींना पटवायला मी कॅडबरीची गोष्ट सांगितली. 2003 मध्ये, दिवाळीच्याच सुमारास, महाराष्ट्रात डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्या. कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, ते कुणी ऐकून घेतलं नाही. 2004 मध्ये वेष्टण बदललं, अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. जुन्याच वेष्टणात नुसते बच्चन काय करणार होते?

आमच्याकडे वेष्टणाच्या जागी तेल. कोणत्या घाण्यानंतर बदललं, ते वहिनी आता वहीत लिहितात. त्या पानाचा फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकते, तेलाच्या डागांसकट.

ताईंनी पैसे परत घेतले, तारा एकच ठेवला. तो अजून आहे. मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला: "कुरडया करता का?"