करवंदाचे बी जूनमध्येच पेरावे : वरकस जमिनीसाठी सल्ला

मुरबाड आणि शहापूरच्या माळांवर मे अखेरीस करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात, आणि ज्यांना वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीला काटेरी जिवंत कुंपण करायचे आहे त्यांनी बी धरण्याचा हाच काळ आहे. या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. दिवाळीनंतर पेरू म्हणून डब्यात भरून ठेवलेले बी बहुधा वाया जाते.

दरवर्षी भरपूर धरणारी, मोठ्या फळांची जाळी हेरून पूर्ण पिकलेली, देठापासून सहज सुटणारी फळे घ्यावीत. आतून लाल निघाला तर कोंबडा, फिकट निघाली तर कोंबडी, हा मुलांचा खेळ खुशाल चालू द्यावा; आपण पाहायचे ते चपटे, तपकिरी, भरलेले बी. चिकाने बोटे चिकटतात म्हणून हातांना आधी खोबरेल लावावे, गर पाण्यात चोळून काढावा आणि बी सावलीत एक-दोन दिवस सुकवून माती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत अर्धा इंच खोल पेरावे. वर्षभर वाढवलेली रोपे पुढच्या पावसाच्या आरंभी दोन ते तीन फुटांवर एका रांगेत लावावीत.

बियांची झाडे आईसारखीच निघतील याची खात्री नसते, म्हणून फळांच्या विक्रीसाठी लागवड करणाऱ्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या जातीचा विचार करावा.

करवंद मुरमाड उतारावर, कातळाच्या फटीतही तग धरते, परंतु मुळांशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. भाताच्या पाणथळ खाचराला लागून ते लावू नये. डोंगरातली जुनी जाळी उपटून आणण्याचा मोह टाळावा, कारण कातळात खोल गेलेली मुळे तुटतात आणि झाड जगत नाही. ठाण्याजवळचे येऊरचे जंगल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, तेथून फळ किंवा रोप आणण्याचा प्रश्नच येत नाही.

राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) किंवा वईसाठी (काट्यांच्या कुंपणासाठी) जाळी तोडायचीच असेल तर ती बुडापासून न तोडता फळे संपताच वरवर छाटावी. पावसात नवी फूट येते. हीच छाटणी माघात केली तर कळ्यांसह येत्या उन्हाळ्यातली करवंदेही कोयत्याखाली जातात.