एएसी ब्लॉकचं काम काढताय? जाळी आधी आणून ठेवा

वरच्या मजल्यावर दोन खोल्या वाढवल्या तेव्हा विटेऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे ते हलके मोठे ठोकळे घेतले, काम झपाट्यानं उरकलं, सगळे खूश, आणि पहिल्याच उन्हाळ्यात हॉलमध्ये कॉलमच्या कडेनं वरपासून खालपर्यंत सरळ चीर पडली, नख जाईल एवढी. पुट्टी भरली, रंग मारला, पुढच्या एप्रिलात तीच चीर परत तिथंच. कारण एकच, कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, लावली नव्हती. आता भावाचं घर सुरू होतंय म्हणून सगळं लिहून काढतोय, तुमचंही काम निघणार असेल तर वाचा.

हा ब्लॉक म्हणजे फुगवलेला माल. फ्लाय अ‍ॅश, चुना, सिमेंटच्या पातळ काल्यात अ‍ॅल्युमिनियमची पावडर पडली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, सगळं ढोकळ्यासारखं फुगतं, मग कापून दाबाच्या वाफेवर पक्कं करतात. म्हणून घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलोच भरतो, वीट १८०० च्या आसपास जाते, स्लॅबवरचा भार तिथंच वाचतो. पण हा ब्लॉक पाणी पितो आणि वाळताना किंचित आकसतो, कॉलम तसा आकसत नाही, मग प्लास्टर नेमकं सांध्यावर फाटतं. म्हणून जाळी.

ब्लॉकची ऑर्डर देतानाच जाळीचा रोल सांगा. आमच्याकडे प्लास्टरच्या दिवशी सकाळी माल कालवून झाला आणि मग जाळीची आठवण झाली, मिस्त्री म्हणाला चालतंय, मीही हो म्हटलं. प्लास्टर चढल्यावर जाळी कुठं लावणार?

ब्लॉक उतरवायला सपाट जागा हवी, खाली फळ्या, वर ताडपत्री, पावसाचे दिवस असतील तर ताडपत्रीत कंजूषी नको, भिजलेला ब्लॉक भिंतीत गेला की तिथं जाऊन आकसणार. कडा तुटलेले बाजूला काढा, तुकड्यांना लागतात.

मिस्त्रीला आधी विचारा, ब्लॉकचं काम केलंय का. विटेचा हात बसलेला माणूस सवयीनं ब्लॉक पाण्यात बुडवतो, ते करू देऊ नका, ब्रशनं वरून ओलसर केला की पुरे. पहिला थर सिमेंटच्या मालावर, दोरी आणि लेव्हल लावून, इथं घाई केली की वर सगळं वाकडं. पुढचे थर ब्लॉकच्या चिकटवायच्या मालात, सांधा ३ मिमीचा, विटेसारखा बोटभर नाही. कॉलमला टाचे मारून घ्या, म्हणजे छिन्नीनं खरखरीत करा, माल धरतो. खिडकीच्या खाली आणि लिंटेलला (खिडकी-दाराच्या वरच्या पातळीला) ८ मिमीच्या दोन सळया टाकून काँक्रीटची पट्टी, हा खर्च टाळू नका. बीमखालची फट लगेच ठासू नका, भिंत बसू द्या, आठवडाभर तरी.

वायरिंगच्या खाचा कटरनं, छिन्नी-हातोड्यानं अजिबात नाही, ब्लॉक ढिला होतो. गिझर, किचनची कपाटं कुठं येणार ते आत्ताच ठरवा, तिथं काँक्रीटचा ठोकळा घालून घ्या, साध्या प्लगवर गिझर लटकवणं धोक्याचं आहे.

मग जाळी. फूटभर रुंद पट्टी, निम्मी कॉलमवर, निम्मी ब्लॉकवर, ताणून खिळे मारायचे, झोळ राहिला तर उपयोग नाही. बीमच्या खालीही तीच, खाचांवरही तीच, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन प्रत्येक कॉलमचा फोटो काढा आणि त्यानंतरच प्लास्टरचा माल कालवायला सांगा, मिस्त्री कितीही घाई करू दे. एक कॉलम राहिला तर चीर तिथंच येणार.

प्लास्टर पातळ, आतून १२ मिमीच्या आसपास, फार कडक माल नको. पाणी मारा. वाळू द्या, मग पुट्टी, रंग. रोल उरला तर टाकू नका, बाथरूमच्या पाइपच्या खाचांना लागतोच.